घडून गेल्यानंतर : फ्रीड्रिखचा ‘बर्फाचा समुद्र’

या चित्रात जहाज शोधावं लागतं. आधी दिसतो तो बर्फ. चित्राच्या मधोमध लाद्यांचा एक प्रचंड ढीग उभा राहिला आहे. लाद्या एकमेकींवर चढल्या आहेत, एकमेकींना रेटत वर उचलल्या गेल्या आहेत आणि त्यांची धारदार टोकं तिरपी होऊन आभाळात घुसली आहेत. नजर पायथ्यापासून त्या टोकांपर्यंत चढते, तिथून निळ्या रिकाम्या आभाळात शिरते, धरायला काही न सापडल्याने पुन्हा खाली उतरते, आणि मग कुठे ढिगाच्या उजव्या अंगाला एका जहाजाची मागची बाजू दिसते. जहाज कलंडलं आहे. त्याचा बराचसा भाग बर्फाने गिळला आहे, उरलेला लवकरच गिळला जाईल अशा बेताने पडून आहे. चित्रात माणूस एकही नाही. प्रेतसुद्धा नाही.

कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख या जर्मन चित्रकाराने हे तैलचित्र १८२३-२४ मध्ये ड्रेस्डेनला रंगवलं. आज ते हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाल या संग्रहालयात आहे आणि ‘बर्फाचा समुद्र’ या नावाने ओळखलं जातं. छापील प्रतीत पाहताना ते एखाद्या भिंतीएवढं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात त्याची उंची सुमारे ९७ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे १२७ सेंटिमीटर. दोन्ही हात पसरले तर चौकट सहज कवेत येईल. एवढ्या जागेत ध्रुवप्रदेश मावला आहे हे कळल्यावर तो कसा मावला, हे बघण्याची ओढ लागते.

वादळ, समुद्र आणि फुटलेलं जहाज हा विषय त्या काळातल्या चित्रकारांना नवा नव्हता. निसर्गाचं रौद्र रूप दाखवायचं तर जहाज फुटायलाच हवं, अशी जणू रीतच पडली होती. इंग्लंडमध्ये टर्नरने १८०५ साली ‘जहाजफूट’ हे चित्र मांडलं. त्यात लाटा उसळताहेत आणि होड्यांतली माणसं एकमेकांना बिलगली आहेत. फ्रान्समध्ये जेरिकोने १८१९ साली ‘मेद्युसा’ जहाजाच्या तराफ्याचं चित्र मांडलं. सात मीटरांहून रुंद अशा त्या पटावर मेलेली, मरणारी आणि वाचण्यासाठी धडपडणारी शरीरं एकमेकांवर रचलेली आहेत. दोन्ही चित्रं थोर आहेत. दोन्हींत आपण ऐन प्रसंगाच्या तोंडाशी उभे असतो. लाट फुटायची आहे, दूरवरच्या गलबताने आपल्याला पाहिलं की नाही ते ठरायचं आहे, पुढच्या क्षणी काहीतरी होणार आहे. श्वास अडकतो तो त्या पुढच्या क्षणासाठी.

फ्रीड्रिखने नेमका तो पुढचा क्षण काढून टाकला. त्याच्या चित्रात जे व्हायचं ते होऊन गेलं आहे. जहाज कधी अडकलं, खलाशी किती होते, ते उतरून चालत गेले की तिथेच संपले, यातलं काहीही चित्र सांगत नाही. लाद्यांच्या सपाट अंगांवर कुठे कुठे भुरभुर बर्फ साचला आहे, म्हणजे बराच काळ लोटला आहे. आभाळ निवळलं आहे. वारा वाहत असल्याची एक खूण नाही. रौद्र निसर्गाची इतकी चित्रं त्या शतकात झाली, पण त्या निसर्गाचा कोप संपल्यावर तो कसा दिसतो हे इतक्या निश्चलपणे दाखवणारं दुसरं चित्र माझ्या पाहण्यात नाही. आणि माझ्या मते हेच चित्र त्या सगळ्यांत अधिक भीतिदायक आहे. वादळाला निदान आवेग असतो, तो आपल्यावर चालून येतो. या बर्फाला जहाजाची दखलच नाही.

आता चित्र जवळून बघू. सर्वांत पुढे, आपल्या पायांशी, जाड लाद्या पसरल्या आहेत. त्यांचा रंग पांढरा नाही. मातकट पिवळा, गेरूकडे झुकणारा, मध्येच तपकिरी. दगडाच्या खाणीत सुरुंग लावल्यावर चिरे जसे पडतात तशा त्या पडल्या आहेत, कडा तुटक्या, पोटात थरांच्या रेघा. पुढच्या लाद्या जवळजवळ आडव्या आहेत, मागच्या थोड्या उचललेल्या, त्यांच्यामागच्या आणखी उभ्या. पायरी पायरीने कोन वाढत जातो आणि मधल्या ढिगाशी पोचेपर्यंत लाद्या सुळके झालेल्या असतात. म्हणजे आपण स्थिर बर्फ बघतो आहोत, पण तो ज्या दाबाने उचलला गेला तो दाब कोनांमध्ये साठून राहिला आहे. गती संपली, तिची मापं तेवढी उरली. फ्रीड्रिख हालचाल रंगवत नाही, हालचालीचा जमाखर्च रंगवतो.

पुढच्या मातकट रंगातून मागे जाल तसतसा बर्फ निळा होत जातो. मधला ढीग अजून दोन्ही रंगांत आहे, त्यापलीकडचं सगळं थंड निळंकरडं. आणि तिथे, दूरवर, मधल्या ढिगासारखाच आणखी एक सुळका उभा आहे. घाईत पाहणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही. मला मात्र हा दुसरा सुळका चित्रातल्या सर्वांत निर्दय जागांपैकी एक वाटतो. पुढचा ढीग या जहाजाभोवती उभा राहिला, म्हणून आपण नकळत त्याला त्या जहाजाचं थडगं समजायला लागतो. मागचा सुळका सांगतो की इथे सगळीकडे असंच घडत असतं, जहाज असो वा नसो. बर्फ दाबला जातो, फुटतो, वर चढतो. या वेळी मध्ये एक जहाज सापडलं, एवढंच.

जहाजाची जागाही बघण्यासारखी आहे. फ्रीड्रिखने ते मध्यभागी ठेवलं असतं तर बर्फ त्याची पार्श्वभूमी झाला असता आणि चित्र एका दुर्घटनेचं झालं असतं. त्याने ते बाजूला सारलं, लहान केलं, रंगही भोवतालात मिसळेल असाच दिला. पण तेच जहाज काढून टाकता येत नाही. चित्राची चांगली प्रत समोर असेल तर जहाजावर अंगठा ठेवून पाहा. ढीग एकदम लहान होतो. नदीकाठी साचलेल्या, कमरेएवढ्या उंचीच्या बर्फाचं ते चित्र असू शकेल असं वाटायला लागतं. अंगठा उचलला की तोच ढीग क्षणात डोंगराएवढा वाढतो. समुद्र ओलांडायला निघालेलं जहाज जर एवढंसं दिसत असेल तर ही एकेक लादी केवढी असेल! मोजमापाला लागणारी एकमेव वस्तू त्याने कोपऱ्यात टाकून दिली आहे आणि ती आपल्याला उशिरा सापडावी अशी व्यवस्था केली आहे. त्यामुळे निसर्गाचं प्रचंडपण या चित्रात आयतं समोर येत नाही. जहाज सापडल्यावर ते अंगावर येतं.

अंगठ्याच्या या खेळात जो नदीकाठचा बर्फ दिसतो, तो नुसता भास नाही. फ्रीड्रिखने उत्तर ध्रुवाकडचा समुद्र कधीही पाहिला नव्हता. त्याने पाहिली होती एल्ब नदी. १८२० पासून तो ड्रेस्डेनमध्ये नदीकाठच्या एका घरात राहत होता, आणि १८२०-२१ च्या कडक हिवाळ्यात एल्ब गोठली. बर्फ फुटून त्याच्या लाद्या काठाशी एकमेकींवर चढल्या तेव्हा त्याने त्यांचे तैलरंगात अभ्यास केले. एरवी तो बाहेर हिंडताना पेन्सिलीनेच काम करायचा. रंगात केलेले असे अभ्यास त्याच्याकडे मोजकेच आहेत. बर्फाच्या लाद्यांचे ते लहानसे अभ्यासही हॅम्बुर्गच्याच संग्रहात आहेत. त्यांत ना ध्रुव आहे ना जहाज. काठाशी अडलेल्या, गाळाने मळलेल्या नदीच्या बर्फाचे तुकडे आहेत, त्यांची जाडी, त्यांच्या तुटलेल्या कडा, एकीखाली दुसरी घुसताना पडणारी सावली. ‘बर्फाचा समुद्र’मधला तो मातकट रंग कुठून आला याचं उत्तर मला तिथे सापडतं. जगाच्या टोकावरचा बर्फ त्याने दारातल्या नदीतून उचलला.

त्याच घरात १८२२ साली त्याने आणखी एक चित्र काढलं, ‘खिडकीतली स्त्री’. आपल्याकडे पाठ करून उभी असलेली ती स्त्री म्हणजे त्याची बायको कारोलीन. ती खिडकीतून वाकून नदीकडे बघते आहे. नदी आपल्याला दिसत नाही. दिसतात त्या पलीकडून जाणाऱ्या जहाजांच्या डोलकाठ्या. म्हणजे बर्फ जसा दारात होता तशी जहाजंही खिडकीतच होती. एक वर्ष मध्ये गेलं आणि त्याने या दोन गोष्टी एकमेकींवर आणून आदळवल्या.

इथे ध्रुवाकडच्या बातम्यांचं काय, असा प्रश्न येतो. विल्यम एडवर्ड पॅरी हा इंग्रज आरमारी अधिकारी १८१९ मध्ये ‘हेक्ला’ आणि ‘ग्रायपर’ ही दोन जहाजं घेऊन अमेरिकेच्या उत्तरेकडून पॅसिफिकला जायची वाट शोधायला निघाला. जहाजं बर्फात अडकली, सबंध ध्रुवीय हिवाळा त्याने मेलव्हिल बेटापाशी काढला आणि १८२० मध्ये तो परत आला. त्याचा वृत्तान्त युरोपभर गाजला, आणि फ्रीड्रिखच्या या चित्रामागे ती मोहीम होती असं अभ्यासक मानतात. पण पॅरीची दोन्ही जहाजं सुखरूप परतली होती! बातमी होती ती धीराची आणि यशाची. माणसाने बर्फात दहा महिने तग धरला, अशी. त्या बातमीवरून प्रेरणा घेऊन फ्रीड्रिखने जहाज बुडवलं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. शतकाचा सगळा कल नकाशे भरत जाण्याकडे होता. जिथे पाऊल पडलं नव्हतं तिथे पाऊल टाकण्याकडे होता. फ्रीड्रिखला त्या नकाशातला एक तुकडा माणसाशिवाय उरलेला हवा होता.

१८२४ साली प्रागच्या अकादमीच्या प्रदर्शनात हे चित्र पहिल्यांदा मांडलं गेलं तेव्हा त्याला लांबलचक नाव होतं. आर्क्टिक समुद्राचं कल्पनेने रचलेलं दृश्य, ढीग झालेल्या बर्फराशींवर फुटलेल्या जहाजासह, अशा अर्थाचं. कुठल्या मोहिमेचा, कुठल्या जहाजाचा उल्लेख नाही. दृश्य रचलेलं आहे हे चित्रकाराने आधीच सांगून टाकलं. याआधी १८२२ मध्ये योहान गॉटलोब फॉन क्वांट या संग्राहकासाठी त्याने अशाच विषयावर एक चित्र केलं होतं. क्वांटला दोन चित्रांची जोडी हवी होती. दक्षिणेचा सुखद निसर्ग दुसरा चित्रकार रंगवणार आणि उत्तरेचा भयंकर निसर्ग फ्रीड्रिख. ते उत्तरेचं चित्र हरवलं, आणि पुढे कित्येक वर्षं ‘बर्फाचा समुद्र’लाच ते समजण्याचा घोळ चालू राहिला.

रचलेलं, हा शब्द फ्रीड्रिखच्या बाबतीत अगदी शब्दशः घ्यायला हवा. त्याचा मित्र गेऑर्ग फ्रीड्रिख केर्स्टिंग याने त्याच्या चित्रशाळेची चित्रं काढून ठेवली आहेत. त्यांतलं १८११ चं चित्र पाहिलं तर धक्का बसतो. खोली जवळजवळ रिकामी. खिडकीचा खालचा भाग फळ्यांनी बंद, वरून तेवढा उजेड. भिंतीवर रंगाच्या पाट्या, आणि त्यांच्याबरोबर पट्टी, काटकोन्या. रौद्र निसर्गाचा हा चित्रकार बाहेरचं दृश्य बंद करून, भूमितीची साधनं जवळ ठेवून काम करत होता. डोंगर, झाडं, खडक यांची रेखाटनं तो बाहेर हिंडून तारखेसह वहीत करायचा. मग महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्यांतलं एखादं झाड किंवा खडक उचलून रिकाम्या खोलीत नवं दृश्य उभं करायचा. समोर दिसतं तेवढंच रंगवून भागत नाही, आत काय दिसतं तेही चित्रकाराने बघायला हवं, असं त्याचं म्हणणं होतं. रंगाचे थर इतके पातळ की कुंचल्याची खूण सहसा सापडत नाही. आभाळ रंगवायच्या दिवशी तो कुणाशी बोलत नसे, अशी घरातली आठवण सांगतात. ‘बर्फाचा समुद्र’मधलं आभाळ पाहताना ती आठवण खरी वाटते. कडांपाशी गडद, मध्यावर उजळत गेलेलं, आणि कुठेही जोड दिसत नाही.

याच माणसाने १८१६ साली कवी ग्योटेला नकार दिला होता. ल्यूक हॉवर्ड या हवामानाच्या अभ्यासकाने ढगांचं नवं वर्गीकरण केलं होतं आणि ग्योटेला त्याप्रमाणे ढगांची चित्रं हवी होती. मोकळ्या ढगांना अशा खणांत कोंबणं फ्रीड्रिखला रुचलं नाही. वरवर पाहता हे विसंगत आहे. ढगांवर शिस्त नको म्हणणारा माणूस स्वतः पट्टी घेऊन बसतो. पण ‘बर्फाचा समुद्र’समोर उभं राहिलं की दोन्ही गोष्टी जुळतात. शास्त्राने निसर्गाला नावं लावावीत हे त्याला नको होतं, कारण नाव लागलं की वस्तू आपल्या ताब्यात आल्यासारखी वाटते. त्याची भूमिती उलट दिशेने काम करते. ढिगाचा त्रिकोण इतका पक्का आहे, कोन इतके विचारपूर्वक वाढत गेले आहेत, की तो बर्फ अपघाताने साचल्यासारखा न वाटता कुणीतरी बांधल्यासारखा वाटतो. देवळाचं शिखर बांधावं तसा. मात्र बांधणारा माणूस नाही, आणि ज्याच्यासाठी बांधलं तोही माणूस नाही.

आता आपल्या काव्यशास्त्रातल्या रसाकडे येतो. हे चित्र कुठल्या रसाचं? भयानकाचं, असं पटकन म्हणावंसं वाटतं. आलंबन आहे, म्हणजे ज्याचं भय वाटावं ते, तो बर्फ. उद्दीपन आहे, म्हणजे भय वाढवणारं, ती थंड निळाई, ते मोडकं जहाज. पण भावाचा आश्रय, म्हणजे भय वाटून घेणारा, कोण? रंगभूमीवर किंवा काव्यात भय कुणाच्या तरी ठायी उपजतं. कुणीतरी थरथरतो, पळतो, किंचाळतो, आणि त्याच्याद्वारे आपण भयाचा आस्वाद घेतो. जेरिकोच्या तराफ्यावर असे आश्रय दाटीवाटीने भरले आहेत. फ्रीड्रिखच्या स्वतःच्या इतर चित्रांतही तो असतो. साधारण १८१८ च्या सुमाराचा त्याचा ‘धुक्याच्या सागरावरचा पथिक’ आठवा. खडकावर आपल्याकडे पाठ करून उभा असलेला तो माणूस. धुकं बघतो तो, आणि आपण त्याच्या खांद्यावरून बघतो. त्याचं विस्मयाने भरलेलं मन हे आपलं बसायचं ठिकाण असतं. १८०८ ते १८१० मध्ये केलेल्या ‘समुद्रकाठचा भिक्षू’मध्ये ती आकृती अगदी इवलीशी झाली, चित्राचा बहुतेक भाग रिकाम्या आभाळाने व्यापला. तेवढ्यानेही तेव्हाचे प्रेक्षक गांगरले होते. पण भिक्षू होता. एक उभी काळी रेघ होती, तिथे आपलं मन टेकवता येत होतं.

‘बर्फाचा समुद्र’मध्ये ती रेघही नाही. आश्रय काढून घेतला आहे. म्हणून भय चित्रात कुणाच्या ठायी उपजत नाही, ते थेट पाहणाऱ्याकडे येतं. पुढच्या त्या मातकट लाद्या जिथे चौकटीच्या खालच्या कडेला कापल्या जातात, तिथे आपण उभे आहोत. पाठमोरा पथिक आपणच. आपल्यापुढे मात्र त्याच्यासारखा विस्मयात विरघळून जायचा रस्ता नाही, कारण जहाज आपण पाहिलेलं आहे. आणि तरीही, बराच वेळ पाहत राहिलं की भयाच्या मागून काहीतरी वेगळं वर येतं. आभाळाच्या मध्यावरचा तो उजेड, लाद्यांच्या कडांवर उतरलेली स्वच्छ रेषा, सगळ्या आवाजाचा अभाव. हा शांत रस म्हणावा का? शमाची, मन निवण्याची, अवस्था माणसाची असते आणि इथे माणूस नाही. मी त्याला अद्भुताच्या काठावर सोडून देतो. त्याला एका रसाच्या नावाने बंद केलं तर मी तेच करीन जे ढगांच्या बाबतीत करायला फ्रीड्रिखने नकार दिला.

चित्राचा अर्थ चरित्रात शोधणारे एक जुनी घटना नेहमी सांगतात. फ्रीड्रिखचा जन्म १७७४ चा, बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्डचा, साबण आणि मेणबत्त्या करणाऱ्या बापाच्या घरातला. लहानपणीच आई गेली. १७८७ साली, तो तेरा वर्षांचा असताना, त्याचा धाकटा भाऊ योहान ख्रिस्टोफर बुडून मेला. बर्फ फुटून कास्पार पाण्यात गेला आणि त्याला वाचवताना भाऊ गेला, अशी कथा चालत आली आहे. ती वाचल्यावर बर्फाकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही हे खरं. दुसरे लोक राजकारण सांगतात. नेपोलियनविरुद्धच्या लढ्याच्या वेळी फ्रीड्रिख मनाने त्यात होता. लढा जिंकला, पण जर्मन भाषकांना हवं ते स्वातंत्र्य आलं नाही. १८१९ च्या कार्ल्सबाड फर्मानांनी विद्यापीठं आणि छापखाने जखडून टाकले. गोठलेला समुद्र म्हणजे तो गोठलेला देश, असं हे वाचन. मला दोन्ही वाचनं मान्य आहेत आणि दोन्ही अपुरी वाटतात. भाऊ गमावलेल्या माणसाने, आशा गमावलेल्या माणसाने दुःखाचं चित्र काढलं असतं तर त्यात कुणीतरी रडणारं असतं. इथे दुःख करणारा कुणी उरू नये याची इतकी काळजी घेतली आहे! व्यक्तिगत शोक असलाच तर तो फ्रीड्रिखने एवढ्या थंडीत नेऊन ठेवला आहे की त्याला कुणाचं नाव उरत नाही.

चित्र विकलं गेलं नाही. लोकांना ते कडक वाटलं, भकास वाटलं. १८२४ मध्येच ड्रेस्डेनच्या अकादमीने फ्रीड्रिखला प्राध्यापक हा किताब दिला, पण निसर्गचित्रणाचा वर्ग रिकामा झाला तेव्हा तो त्याच्या हाती दिला नाही. हळूहळू त्याची चित्रं मागे पडली. १८३४ मध्ये दाव्हिद दांजे हा फ्रेंच शिल्पकार त्याला भेटायला आला आणि या माणसाने निसर्गचित्रातली शोकांतिका शोधून काढली, असा अभिप्राय त्याने दिला. अभिप्राय अचूक होता, पण उशिरा आला. १८३५ मध्ये फ्रीड्रिखला पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर तैलरंगातलं काम जवळजवळ थांबलं आणि १८४० मध्ये तो गेला. ‘बर्फाचा समुद्र’ तेव्हाही त्याच्याच घरी होतं.

ते पुढे घेतलं योहान क्रिश्चन डाल याने. हा नॉर्वेचा चित्रकार १८१८ मध्ये ड्रेस्डेनला आला, फ्रीड्रिखचा जिवलग झाला आणि १८२३ पासून त्याच नदीकाठच्या घरात बिऱ्हाड करून राहिला. म्हणजे हे चित्र होत असताना तो एका जिन्याच्या अंतरावर होता. दोघांची प्रकृती मात्र टोकाची वेगळी. डालचा कुंचला भरभर चालायचा, रंग जाड बसायचा, धबधबे कोसळायचे, लाटा फुटायच्या. ज्या हिवाळ्यात फ्रीड्रिख एल्बच्या काठाशी लाद्यांची जाडी न्याहाळत होता, नेमक्या त्याच हिवाळ्यात, १८२० च्या डिसेंबरात, डाल नेपल्सला होता आणि व्हेसुव्हियसचा उद्रेक डोळ्यांनी पाहत होता. ज्वाला, धूर, वाहता लाव्हा आणि त्यापुढे छोटी छोटी माणसं, अशी त्याची त्या उद्रेकाची चित्रं आहेत. एकाने पेटलेला डोंगर जाऊन पाहिला. दुसरा इटलीला कधी गेला नाही, बोलावणी येऊनही गेला नाही, आणि त्याने नदीतल्या बर्फावरून समुद्र उभा केला.

घटनेचा चित्रकार असलेल्या डालने घटना संपल्यानंतरचं हे चित्र ओळखलं, लोकांनी नाकारलेलं असताना विकत घेतलं आणि ते त्याच्या कुटुंबात राहिलं. १९०५ मध्ये तिथून ते हॅम्बुर्गच्या संग्रहालयाने घेतलं. त्याच्या पुढच्याच वर्षी बर्लिनला जर्मन कलेच्या शतकाचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात फ्रीड्रिखची कितीतरी चित्रं एकत्र लागली, आणि साठेक वर्षं विसरलेला हा माणूस जर्मनीने पुन्हा पाहायला सुरुवात केली.